सरासरी सुटते, शेवटचा माणूस अडकतो



कापसाचा भाव, उसाची थकबाकी, पीकविम्याचा घोळ हे विषय जिल्हा बैठकीत दर वेळी असतात, याही वेळी आहेत. त्यांच्या जोडीला या वेळी आम्ही एक नवा विषय मांडत आहोत. पूर आला, धरणाला तडा गेला, यात्रेत चेंगराचेंगरी सुरू झाली, तर माणसांनी बाहेर पडायचे कसे? कोणत्या वाटेने? आधी कोणी, मागून कोणी? आणि दावणीच्या जनावरांचे काय?

काहीजण म्हणतील, हा तहसीलदाराचा विषय, चळवळीचा नव्हे. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. शेतमालाचा भाव कोण ठरवतो आणि कोणते खर्च धरून ठरवतो, हे आपण इतकी वर्षे विचारत आलो. उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही, यावर आपण सरकारशी भांडलो. सुटकेच्या वाटांचा आराखडा हाही तसाच एक हिशेब आहे. त्यात काय धरले आणि काय वगळले, यावर कोण वाचणार हे ठरते. हा हिशेब चार भिंतींच्या आत होतो आणि ज्यांच्या जिवाचा आहे त्यांना दाखवला जात नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

चार वाटा आणि एक घाट

मांजरसुंब्याचा चौक सगळ्यांनी पाहिलेला आहे. उत्तरेला पालीवरून बीड, दक्षिणेला चौसाळा-येरमाळ्यावरून सोलापूर, पूर्वेला नेकनूर-केजवरून अंबाजोगाई, पश्चिमेला पाटोदा-जामखेडवरून अहिल्यानगर. धुळे-सोलापूर महामार्ग, जो पूर्वी २११ नंबरचा होता आणि आता ५२ नंबरचा आहे, याच चौकातून जातो आणि आता चौपदरी झालेला आहे. नकाशा पुढ्यात घेऊन बसलेला साहेब म्हणेल, वा! या गावाला चार दारे आहेत. इथून माणूस काढायला कितीसा वेळ?

चार वाटा एका ठिकाणी मिळतात म्हणजे चार वाटा सुटतात असे नाही. बीडकडून दक्षिणेकडे येणाऱ्याला आधी बालाघाटाचा डोंगर चढावा लागतो. घाटात एक ट्रक आडवा झाला की पालीच्या बाजूचा माणूस पालीच्या बाजूला राहतो आणि मांजरसुंब्याचा चौक चार तोंडांनी मोकळा असून उपयोगाचा राहत नाही. पावसाळ्यात आडरस्त्यांची गत याहून वाईट. डोंगरातल्या वाडीवस्तीचा रस्ता कागदावर डांबरी असतो, पण मध्ये एक फरशी पूल असतो आणि ओढ्याला पाणी आले की पहिल्यांदा तोच बुडतो. डांबर बारा फूट रुंद असो नाही तर चोवीस फूट, त्या दिवशी रस्त्याची रुंदी शून्य.

हे काल्पनिक भय नाही. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला पूर आला आणि बीड शहरातल्या नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, कित्येक माणसे दगावली. बिंदुसरा काही गोदावरी नव्हे. डोंगरात उगम पावते, पालीजवळ धरणात अडते आणि तिथून सुमारे दहा किलोमीटरवर शहरात शिरते. अशी आखूड नदी विचार करायला वेळ देत नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा सिंदफणा आणि गोदावरीच्या काठची गावे पाण्याने वेढली गेली. बीड-धाराशिवकडे होड्या आणाव्या लागल्या, हेलिकॉप्टर आणावी लागली. हेलिकॉप्टरचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले आणि सरकारची पाठ थोपटली गेली. ज्या जवानांनी जीव धोक्यात घालून माणसे काढली त्यांना आमचा सलाम आहेच. पण हेलिकॉप्टर आणावे लागले याचा अर्थ एकच होतो, की जमिनीवरची वाट त्याआधीच बंद झाली होती. ती कोणत्या ठिकाणी बंद होणार हे गावाला ठाऊक होते. गावाला कोणी विचारले नव्हते.

हे गणित आले कुठून?

सुटकेच्या वाटा आखण्याचे एक शास्त्र आहे आणि ते जुने आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी, साधने तुटपुंजी असताना त्यांचा जास्तीत जास्त उपयोग कसा करायचा, याची एक रीत बसवली. १९५९ मध्ये नेदरलँड्सचे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी रस्त्यांच्या जाळ्यातून सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत छापली. आणि १९५६ मध्ये फोर्ड आणि फुल्करसन या दोघांनी एका जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल किंवा माणसे पलीकडे जाऊ शकतात, याचे उत्तर काढले.

या तिसऱ्या गणिताची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. त्याआधी अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या तज्ज्ञांनी सोव्हिएत रशिया आणि पूर्व युरोपातील रेल्वेचे जाळे कागदावर मांडले होते. त्यांना हवे होते ते हे, की कमीत कमी किती ठिकाणी रूळ तोडले म्हणजे शत्रूची वाहतूक पुरती थांबेल. गणिताने उत्तर दिले : जाळ्यातून जास्तीत जास्त जितका माल जाऊ शकतो, बरोबर तितकीच क्षमता त्या सर्वांत कमजोर छेदरेषेची असते. छेदरेषेच्या पलीकडे तुम्ही दहापदरी रस्ते बांधा, माल एक पोतेही जास्त जाणार नाही.

शत्रूला कोंडण्यासाठी जी रेषा शोधली, तीच रेषा आपल्याला कोंडते. ओढ्यावरचा फरशी पूल, घाटातले वळण, गावाच्या वेशीतली बोळ, टोलनाक्याच्या खिडक्या, ही आपली छेदरेषा. विमानातून बॉम्ब टाकायची गरज नाही. दोन तासांचा पाऊस पुरतो. आणि सरकार पैसा कुठे घालते? छेदरेषेच्या पलीकडे, जिथे रस्ता आधीच रुंद आहे आणि जिथे उद्घाटनाचा मांडव घालता येतो. फरशी पुलाच्या जागी उंच पूल बांधला तर फीत कापायला मंत्री येत नाही.

दुसरी गोष्ट जवळच्या वाटेची. इशारा आला की जो तो जवळची वाट धरतो. सगळ्यांनी जवळचीच वाट धरली की ती वाट जवळची राहत नाही. तिच्यावर ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली अडकतात आणि दोन किलोमीटर लांबची पाणंद मोकळी पडून राहते. म्हणून कोणी कोणत्या वाटेने जायचे आणि कोणी किती वेळ थांबून निघायचे, हे आधी वाटून द्यावे लागते. वरच्या आळीने पाणंदीने, खालच्या आळीने डांबरी रस्त्याने, नदीकाठच्यांनी सर्वांत आधी. एवढे ठरवण्यासाठीच हे सगळे गणित आहे. त्याचा हेतू असा की कोणतीही वाट रिकामी राहू नये आणि कोणतीही तुंबू नये.

कोणाचे किमान, कोणाचे कमाल?

आता मुद्द्यावर येऊ. संगणकाला गणित घालताना एक गोष्ट माणसाला सांगावी लागते : कमी काय करायचे? संगणक ते स्वतः ठरवत नाही. आणि तिथेच राजकारण शिरते.

समजा एका गावात हजार माणसे आहेत आणि पाणी पोहोचायला साठ मिनिटे आहेत. पहिला आराखडा असा की नऊशे माणसे वीस मिनिटांत बाहेर पडतात आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची शंभर माणसे एकशेवीस मिनिटांत. सरासरी काढा, तीस मिनिटे येते. दुसरा आराखडा असा की सगळ्यांनाच पंचेचाळीस मिनिटे लागतात. सरासरी पंचेचाळीस. कागदावर पहिला आराखडा सरस ठरतो, त्याला शाबासकी मिळते. प्रत्यक्षात पहिल्या आराखड्यात शंभर माणसे बुडतात आणि दुसऱ्यात एकही नाही.

सरासरीने आपला घात नेहमीच केला आहे. सरासरी पाऊस पुरेसा पडला म्हणून दुष्काळ जाहीर होत नाही. सरासरी उत्पादन भरले म्हणून विमा मिळत नाही. तीच सरासरी आता आपल्या सुटकेच्या वाटेवर येऊन बसली आहे. आमची मागणी साधी आहे. सुटकेच्या आराखड्यात सरासरी वेळ छापू नका. शेवटचा माणूस किती मिनिटांत सुटतो ते छापा. तो शेवटचा माणूस कोण असतो, हेही आपण जाणतो. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीवरचा असतो, शेतातल्या कोपीवरचा असतो, बाजेवर पडलेली म्हातारी असते, नुकतीच बाळंतीण झालेली पोर असते.

फेब्रुवारीत मोजलेला जिल्हा

गणितात घातलेले आकडे खोटे असले तर उत्तर खरे कसे येईल? माणसे किती, हा पहिला आकडा. तो जनगणनेतून घेतात. शेवटची जनगणना २०११ ची, आणि तिची शिरगणती झाली फेब्रुवारी महिन्यात. फेब्रुवारीत बीड जिल्हा कुठे असतो? कोयत्यावर असतो. लाखो माणसे, नवरा-बायको आणि पोरेबाळे, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या तळावर असतात. गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि कुलपे. हीच माणसे उन्हाळ्यात गावी परततात आणि पावसाळा गावात काढतात. म्हणजे ज्या महिन्यांत पूर येतो त्या महिन्यांत गाव भरलेले असते आणि ज्या महिन्यात मोजणी होते त्या महिन्यात गाव रिकामे असते. पुढची जनगणनाही २०२७ च्या फेब्रुवारीतच ठरली आहे.

याची दुसरी बाजूही पाहा. कोयता जिथे जातो तिथला तळ नदीकाठच्या मोकळ्या रानात, उसाच्या कडेला पालांचा असतो. तिथल्या गावाच्या आराखड्यात या पालांची नोंद असते का? आपल्या गावच्या यादीतून ते गेले आणि तिथल्या यादीत आले नाहीत. एका माणसाला दोन ठिकाणी धोका आणि दोन्ही आराखड्यांत त्याची जागा शून्य. मुकादमाच्या वहीत मात्र त्याची उचल पैशापैशाने लिहिलेली असते. वसुलीसाठी ज्याचा हिशेब चोख ठेवता येतो, त्याचा सुटकेसाठी ठेवता येत नाही, हे आम्हाला मान्य नाही.

दावणीचा प्रश्न

पूर आला की अधिकारी रागावून म्हणतात, लोक ऐकत नाहीत, घर सोडायला तयार होत नाहीत. अडाणी आहेत. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे हीच तक्रार ऐकू आली. अडाणीपणा नाही हो साहेब, हिशेब आहे. दोन म्हशी आणि एक बैलजोडी म्हणजे त्या घराची बँक, विमा आणि पुढच्या पेरणीची ताकद. ती दावणीला बुडू द्यायची आणि आपण शाळेच्या खोलीत खिचडी खात बसायचे, असा सौदा कोणता शहाणा माणूस करील? शहरातल्या माणसाला त्याच्या दुकानाला, कारखान्याला कुलूप लावून जाता येते. म्हशीला कुलूप लावता येत नाही.

याच महापुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावची होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. पाणी चढल्यानंतर, रस्ता गेल्यानंतर, एकाच होडीत मावतील त्याहून जास्त माणसे बसली. त्या माणसांचा दोष काढू नका. शेवटच्या क्षणापर्यंत माणूस थांबतो आणि मग एका होडीवर सगळे तुटून पडतात, हे होणारच, जर आधीच्या दिवशी जनावरांसह निघायची सोय कोणी केली नसेल.

जनावरे गणितात घालणे अवघड नाही. जनावर सावकाश चालते, पुलावर जास्त जागा घेते, गाडीच्या भोंग्याला बुजते. म्हणून त्याची वेळ आणि वाट वेगळी ठेवायची. पहिल्या इशाऱ्याला जनावरे निघतील, पाणंदीने, उंचावरच्या गायरानाकडे. दुसऱ्या इशाऱ्याला म्हातारेकोतारे आणि लेकरे. तिसऱ्याला उरलेले सगळे. गायरानावर चारा, पाण्याचा टँकर आणि राखणीला माणसे असतील, तर एकही शेतकरी दावणीपाशी अडून बसणार नाही. जनावरांना आराखड्यात घेणे ही भूतदया नाही. माणसे वेळेवर निघावीत याचाच तो उपाय आहे.

कपिलधारची वाट

पूर आणि धरण सोडून देऊ. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. धबधबा, डोंगर, दरी आणि त्यात माणसांचा महापूर.

अशा ठिकाणचे गणित बोटांवर करता येते. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ऐंशी माणसे सुरळीत जाऊ शकतात, असा जगभरचा अनुभव आहे. चढउतारावर त्याहून कमी. समजा एखाद्या यात्रेत वाट तीन मीटर मोकळी आहे आणि चाळीस हजार माणसे बाहेर काढायची आहेत. मिनिटाला दोनशे चाळीस, म्हणजे पावणेतीन तास. आता त्याच वाटेच्या दोन्ही कडांना एकेक मीटर दुकाने बसू द्या. उरला एक मीटर. मिनिटाला ऐंशी. चाळीस हजार माणसांना आठ तास वीस मिनिटे. दोन रांगा दुकानांच्या जागाभाड्यात ही साडेपाच तासांची कोंडी विकत घेतली जाते.

आणि कोंडी म्हणजे नुसता उशीर नव्हे. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की पाय उचलायला जागा राहत नाही, मागच्याचा रेटा पुढच्याच्या छातीवर येतो. २००० साली डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर माणसांचे ठिपके करून दाराकडे पळवले आणि दाखवून दिले की जितकी घाई जास्त तितके दार हळू मोकळे होते. आपल्याला ते संगणकाशिवाय कळायला हवे होते, पण कळले ते प्रेते मोजून. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर ३९ भाविक गेले. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर तीनशेच्या आसपास माणसे गेली. तिथेही वाट चढाची, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी दुकानांची. त्यानंतर चौकशी आयोग बसला. २०१५ च्या कुंभात नाशिकला येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे आखले गेले. म्हणजे मनात आणले तर जमते. पण मनात आणायला आधी माणसे मरावी लागतात, हा आमचा आक्षेप आहे. कपिलधारच्या यात्रेसाठी हा हिशेब आधी मांडला जावा आणि तो दिंडीप्रमुखांच्या हाती असावा.

संगणक वैरी नाही, मालकही नाही

एक गैरसमज दूर करू. आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. नवे बियाणे असो, नवे यंत्र असो, शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य असले पाहिजे, असे आपण मांडत आलो. संगणकातली रंगीत तालीम, ज्याला सिम्युलेशन म्हणतात, ती फार उपयोगाची आहे. एखादा पूल गेला तर काय, अमावस्येची रात्र असली तर काय, अर्ध्या लोकांना इशारा ऐकूच आला नाही तर काय, हे सगळे प्रत्यक्षात करून बघता येत नाही. संगणकात हजार वेळा करून बघता येते.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील मूळचे भारतीय प्राध्यापक शशी शेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे आराखडे बनवण्याची एक वेगवान रीत काढली. रस्त्याची क्षमता ध्यानात ठेवून कोणी कोणत्या मिनिटाला निघायचे हे ती सांगते. त्यांच्या हिशेबातून एक मोठी गमतीची गोष्ट निघाली. धोक्याच्या जागेपासून मैलभराच्या आतल्या धडधाकट माणसांना मोटारीत बसवण्यापेक्षा पायी चालायला लावले तर सगळेच लवकर सुटतात. ज्या देशात घरटी मोटार आहे तिथले गणित सांगते की पायी चला! आपल्याकडचे आराखडे मात्र किती बसगाड्या मागवायच्या यावर अडलेले असतात. चालणारा माणूस आपल्याकडे आहे, चिखल नसलेली पाणंद तेवढी नाही.

आणि आराखडा नसताना श्रीमंत देशाचेही काय होते, तेही पाहा. सप्टेंबर २००५ मध्ये रिटा वादळाच्या भीतीने टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहर आणि परिसरातून पंचवीस लाखांहून अधिक माणसे जवळजवळ एकाच वेळी निघाली. समुद्रकाठच्यांनी आधी निघायचे ही पाळी कोणी पाळली नाही. समोरून येणारी बाजू उलट्या वाहतुकीला खुली करायला उशीर झाला. शेकडो किलोमीटर गाड्या तुंबल्या. शंभराच्या आसपास माणसे वादळाने नव्हे तर त्या पळापळीत दगावली, कोणी उष्म्याने, कोणी अपघातात, तर वृद्धाश्रमातली माणसे घेऊन निघालेली एक बस पेटून. रस्ते रुंद होते, मोटारी होत्या, पैसा होता. पाळी नव्हती.

आमच्या चौपदरी महामार्गाला हे लागू आहे. संकटकाळी दुभाजक कोणत्या ठिकाणी उघडायचा, पाडळशिंगीचा आणि पारगावचा टोलनाका कोणाच्या हुकमाने विनापावती मोकळा करायचा, हे त्या रात्री फोन लावून ठरवायचे नसते. आत जाणाऱ्या गाड्यांचाही हिशेब हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीच्या वाहनांना बघ्यांच्या गर्दीचा किती अडथळा झाला, हे मराठवाडा विसरलेला नाही. पुढाऱ्यांच्या ताफ्यांनाही आराखड्यात एक ओळ असावी : शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत प्रवेश बंद.

संगणकाला जे सांगितले तेच तो धरून चालतो. उपग्रहाच्या नकाशावर पाणंद दिसते, पण मध्ये कोणी ती नांगरून टाकली आहे हे दिसत नाही. पूल दिसतो, पण त्याचा कठडा गेल्या साली वाहून गेला हे दिसत नाही. ते गुराख्याला ठाऊक असते, दूधवाल्याला ठाऊक असते, शाळेत चालत जाणाऱ्या पोरीला ठाऊक असते. पुण्या-मुंबईच्या सल्लागाराला लाखो रुपये देऊन जो आराखडा बनतो त्यात यांच्यापैकी एकाचाही शब्द नसेल, तर तो आराखडा रंगीत असेल, खरा नसेल.

कायदा काय म्हणतो?

आपण काही नवीन मागत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असला पाहिजे आणि दर वर्षी तो तपासला पाहिजे, असे तो कायदा सांगतो. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे, ३० डिसेंबर २०२१ पासून तो लागू झाला. त्यात बसणाऱ्या प्रत्येक धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा धरणाच्या मालकाने करायचा आहे. धरण फुटले तर कोणती गावे, किती माणसे पाण्याखाली येतील आणि इशारा कसा द्यायचा, हे त्यात लिहायचे आहे. जुन्या धरणांसाठी पाच वर्षांची मुदत दिली गेली.

पण हा कायदा आहे पंधरा मीटरहून उंच धरणांसाठी, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काहींसाठी. आपल्या शिवारातले पाझर तलाव, गावतलाव त्याच्या बाहेर राहतात. आणि तलाव लहान म्हणून खाली राहणाऱ्याचा जीव लहान होत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. धरण गळते आहे ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तक्रार होती, सुटकेची वाट नव्हती. त्याआधी १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याचे पूल पाण्याखाली गेले. साठ वर्षांत आपण तिथून किती पुढे आलो?

मागण्या आणि आपले काम

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत.

एक, जिल्ह्याचा आणि प्रत्येक धरणाचा आराखडा मराठीत, वाटांच्या नकाशासह, त्या त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जावा. सुटकेची वाट ही गोपनीय बाब असू शकत नाही.

दोन, आराखड्यात सरासरी वेळ नको. शेवटचा माणूस किती मिनिटांत सुटतो आणि पाणी किती मिनिटांत पोहोचते, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. पहिला दुसऱ्याहून मोठा असेल त्या गावाचे काम सर्वांत आधी.

तीन, पैसा छेदरेषेवर घाला. बुडणारा फरशी पूल आणि नळकांडी पूल आधी, रुंद रस्त्याचे रुंदीकरण नंतर. पाणंदी मोकळ्या करा आणि त्यांवर मुरूम टाका.

चार, माणसांची आणि जनावरांची मोजणी जुलै-ऑगस्टची धरा, फेब्रुवारीची नको. ऊसतोड मजुरांचे तळ तिथल्या गावांच्या आराखड्यात घ्या.

पाच, जनावरांसाठी उंचावरचे गायरान राखून ठेवा, चारापाण्यासह.

सहा, दर वर्षी मे महिन्यात एक तालीम दिवसा आणि एक रात्री, दिवे बंद ठेवून.

सरकार हे करील तेव्हा करील. शाखांनी आजच सुरू करायचे काम वेगळे आहे. प्रत्येक शाखेने एक मोठा कागद घ्यावा. त्यावर गावाच्या सगळ्या वाटा काढाव्यात : डांबरी, गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता. प्रत्येक वाटेवर पाण्याखाली पहिल्यांदा जाणारी जागा तांबड्या पेन्सिलीने दाखवावी आणि ती किती पावसात जाते ते लिहावे. आळीवार माणसे, जनावरे आणि उचलून न्यावी लागणारी माणसे मोजावीत. मग एका सकाळी घड्याळ लावून सर्वांत लांबच्या वस्तीवरून एका म्हाताऱ्या माणसाबरोबर उंचावरच्या जागेपर्यंत चालत जावे आणि लागलेली मिनिटे कागदावर मांडावीत. यात मायबहिणींनी पुढे असावे, कारण पाण्याला, सरपणाला, रानात जाताना या वाटा त्यांनीच सर्वांत जास्त तुडवल्या आहेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने हा कागद घेऊन यावे. जिल्ह्यातले सगळे कागद एकत्र करून आम्ही ते जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू आणि सांगू, आता हे तुमच्या संगणकात घाला.